इन्क्युबेटरची खंडेनवमी

जंतू वाढवण्यात माझं आयुष्य गेलं. लोक ज्यांच्या नावाने बोटं मोडतात, त्यांना मी अंडी फोडून खाद्य करून घालते, ऊब देते, आणि ते वाढेनात तर माझाच जीव टांगणीला लागतो. नव्वदच्या दशकात पुण्याहून बंगलोरला आले ती क्षयाच्या जंतूंवर काम करायला. हे जंतू म्हणजे आळशांचे राजे. रोग्याचा बेडका बाटलीतल्या खाद्यावर पेरला, की डोळ्यांना दिसण्याजोगे व्हायला महिना-दीड महिना घेतात. घाई त्यांना खपत नाही. माझ्या मात्र ती अंगातच आहे.

जयनगरला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहायचे, त्या अक्का जुन्या मराठी घराण्यातल्या. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे बोलण्यात कन्नड मुरलेलं. अक्कांना क्षय झाला होता. पहिल्या वेळी बरं वाटताच त्यांनी गोळ्या सोडल्या आणि दुखणं उलटलं. या खेपेला औषध नीट चालू होतं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की जंतू उगवत नाहीत अशी खात्री पटेपर्यंत तान्ह्या बाळाला जवळ घ्यायचं नाही. म्हणून लेक बाळंतपणाला आली ती थेट होसकोट्याला, मावशीकडे. नात झाली, ती अक्कांनी फोटोतच पाहिली. त्यांचा बेडका तपासायला माझ्याच प्रयोगशाळेत आला, आणि बाटलीत काही उगवू नये असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

रोज संध्याकाळी फाटक वाजलं की अक्का विचारायच्या, "उगवलं की काय गं?"

"नाही अजून."

"सरी," म्हणजे बरं, असं कन्नडात म्हणायच्या आणि खुशीत आत जायच्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी बंगलोरात बसपासून झाडूपर्यंत सगळ्यांची पूजा होते. आमच्या सूक्ष्मदर्शकालाही कुंकू लागलं, दारात कोहळा फुटला. आमचे प्रमुख एरवी देवाधर्माला नाक मुरडणारे. पण इन्क्युबेटरला, म्हणजे जंतूंना ऊब देणाऱ्या कपाटाला, त्यांनी स्वतः हार घातला. कुलूप लावायलाही तेच थांबले होते. आज हत्यार चालवायचं नसतं, म्हणून जाताना त्यांनी बटण बंद केलं. पुढे दसरा, मग रविवार. सोमवारी मी दार उघडलं तर कपाट गारढोण.

वर्षभर राबतंय, जरा विसावू दे म्हटलं, असं त्यांचं म्हणणं. मी तोंडाला येईल ते बोलले. मग बटण पुन्हा चालू केलं.

थंडीने हे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. त्यामुळे मुदत भरली तेव्हा बाटल्या स्वच्छ होत्या, आणि त्या स्वच्छपणाचा भरवसा नव्हता. जंतू मेलेत, की मागे पडलेत? मी आणखी दोन आठवडे मागून घेतले. लेक मात्र त्याआधीच बाळाला घेऊन सासरी नागपूरला निघणार होती.

"तू हो म्हण की," अक्का म्हणाल्या. "स्वल्प वेळ घेते. मांडीवर नुसती."

"नाही, अक्का."

आजही मी तेच उत्तर देईन. पण ते देताना मला माझ्या विद्येचा मनापासून कंटाळा आला होता.

निघायच्या दिवशी गाडी फाटकाशी थांबली. लेक खाली उतरली नाही. बसल्या जागेवरून तिने बाळ काचेपाशी उचलून धरलं. अक्का तोंडाला पदर लावून पायरीवर उभ्या होत्या. बाळ झोपलेलं होतं. उठवू नको म्हणून अक्कांनी हातानेच खूण केली, आणि गाडी स्टेशनकडे गेली.

वाढीव मुदत संपली तेव्हा मी बाटल्या उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिल्या. हिरवट खाद्य होतं तसंच गुळगुळीत, त्यावर कण नाही. इतकी चांगली बातमी मी कधी इतक्या जड पायांनी घरी नेली नव्हती.

अक्का पायरीवर बसून घेवडा निवडत होत्या.

"नाही उगवलं," मी म्हटलं. "आता उगवायचंही नाही. बऱ्या झालात."

त्यांनी हातातली शेंग मोडली, शिरा काढल्या. मग विचारलं, "म्हणजे त्या दिवशी घेतली असती तर चाललं असतं की?"

"हो."

"सरी," अक्का म्हणाल्या. पण उठून आत गेल्या नाहीत.