गाडीबरोबरची दोन कुत्री

उज्जैनच्या आम्हा मराठी लोकांना एक खोड आहे. भाव करायची वेळ आली की आम्ही विकणाऱ्याच्या तोंडासमोर मराठीत खलबतं करतो. त्याला काही कळत नाही असं आम्ही धरूनच चालतो. दरबारच्या चाकरीसाठी आमचे पूर्वज इथे आले त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, आमच्या मराठीतले निम्मे शब्द हिंदी, शेजारपाजार रोज आमच्या ओट्यावर बसलेला. तरी आपली भाषा कुलूपबंद आहे, हा भ्रम काही जात नाही. माझाही तो भैरवगढ़ला जाईपर्यंत शाबूत होता.

मध्यभारत हे राज्य गेलं, मध्यप्रदेश आला आणि बाबांची कचेरी भोपाळला निघाली. बाबा सिंचन खात्यात कारकून होते. "ह्या वयात तिथे जाऊन क्वार्टरसाठी लाइन लावू?" म्हणत त्यांनी नोकरी सोडली आणि होतं नव्हतं ते घालून पाणी उपसायचं एक डिझेल इंजिन घेतलं. ते दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेलं होतं. गावोगाव विहिरींवर न्यायचं आणि भाड्याने द्यायचं, असा बेत. बेत चांगला होता, पण ओढायला होते भाड्याचे बैल. माळव्याची काळी माती जरा ओली झाली की बैलांचे पाय आणि ट्रॉलीची चाकं दोन्ही रुतायची. पहिल्या हंगामात इंजिन विहिरीपेक्षा चिखलातच जास्त उभं राहिलं. दुसराही तसाच गेला असता तर ते विकून बाबांना कुठल्यातरी पेढीवर हिशेब लिहायला बसावं लागलं असतं. भाजी वाढताना आईचा हात आखडायला लागला होता.

म्हणून गाडी हवी होती. जुनी चालेल पण भरवशाची, चारही चाकांना जोर असलेली, आणि डिझेलवर चालणारी, म्हणजे एकाच पिंपात दोघांचं भागेल. लढाईनंतर लिलावात निघालेल्या जीपगाड्या पुष्कळ होत्या, पण सगळ्या पेट्रोल पिणाऱ्या. मी तेव्हा माधवनगरला मुलींच्या शाळेत शिकवत होते. सुटीच्या दिवशी बाबांबरोबर मला पाठवलं जायचं, कारण कोणी गोड बोललं की बाबा विरघळतात, असं आईचं ठाम मत होतं. फ्रीगंजात पाहिलेल्या एका गाडीला वरून ताजा रंग आणि खालून नुसता गंज. दुसरीचा धूर निळा. "ही डिझेलपेक्षा ऑइलच जास्त खाणार," म्हणत बाबा परत फिरले.

मग भैरवगढ़ची गाडी कळली. कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत एक ड्रायव्हर नुकताच वारला होता. त्याने जीपचं पेट्रोलचं इंजिन काढून स्वतःच्या हाताने डिझेलचं बसवलं होतं. आता त्याची बायको ती विकत होती.

बाबांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणी गाडी तापवून ठेवलेली नव्हती. तरी इंजिन लगेच सुरू झालं. धूर आधी काळा आला आणि मग साफ झाला. सरकारी दौऱ्यांवर बाबा जीप चालवायला शिकले होते. रंगाऱ्यांनी कापड धुऊन चिखल करून ठेवलेल्या जागेत त्यांनी ती मुद्दाम घातली, पुढच्या चाकांचा दांडा ओढला, आणि गाडी माती उडवत आपली आपण बाहेर आली. ट्रॉली अडकवायचा मागचा हूकही दणकट होता. मागच्या हौद्यात एक काळं आणि एक तांबूस अशी दोन कुत्री बसलेली होती. एवढे हिसके बसले तरी ती उतरली नव्हती.

"तोंड पाड जरा," बाबा मला मराठीत म्हणाले. "खूश दिसलो तर भाव चढेल."

मी आज्ञाधारकपणे तोंड पाडलं.

अंगणातल्या चुलीवर बाईने चहा ठेवला होता. ती म्हणाली, "साहब, एक बात है। ये दोनों गाड़ी के साथ जाएँगे। बेटे की बदली भोपाल हो गई, मुझे भी जाना है। वहाँ क्वार्टर में कुत्ते नहीं रखने देते। ये गाड़ी में ही सोते हैं, गाड़ी के बिना रहेंगे नहीं।"

"अरे बहनजी, ये भी कोई बात है!" बाबा म्हणाले. "बच्चों जैसे रखेंगे।"

आणि माझ्याकडे वळून, त्याच हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत, "आत्ता हो म्हणून टाकू. जाताना फ्रीगंजात हलवायांच्या दुकानांपाशी सोडून देऊ. भैरवाच्या गावची कुत्री, उपाशी थोडीच मरतात!"

बाई चहा गाळत होती. तिचा हात थांबला. भांडं तसंच तिरकं धरलेलं आणि चहा यायचा बंद.

तिला कळत होतं. सगळं कळत होतं. आणि बाबा थांबेनात. "म्हातारी एकटी आहे, घाईत आहे," ते म्हणाले, "भावाचंही जमेल." त्यांना गप्प कसं करू? मराठीत सांगितलं तर तिला कळणार, हिंदीत तर कळणारच. इंग्रजीत सांगावं तर तिच्या तोंडावर आणखी एक कुलूप लावल्यासारखं झालं असतं. मी खोकले, पदर ओढला, डोळे मोठे केले. "काय झालं, ठसका लागला?" बाबांनी विचारलं. कचेरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेला हा माणूस माझ्यासमोर बसून काय बोलत होता! धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

बाईने बाबांपुढे चहा ठेवला आणि ती गाडीकडे गेली. "उतरा रे," ती कुत्र्यांना म्हणाली. "चला, खाली." दोन्ही कुत्री लगेच उतरली.

मग स्वच्छ मराठीत बाबांना म्हणाली, "गाडी न्या साहेब. ह्यांनी जीव लावून बनवलीय, दगा देणार नाही. कुत्र्यांचं मी बघते."

"तुम्ही मराठी..." बाबा कसेबसे बोलले.

"नाही हो. पण ह्यांनी जन्मभर तुमच्याच लोकांच्या गाड्या चालवल्या. कुत्र्यांनाही मराठीच कळतं."

बाबांनी भाव केला नाही. तिने सांगितले तेवढे पैसे दिले आणि आम्ही निघालो. वस्तीच्या टोकाला पोचतो तोच मागून भुंकणं आलं. दोन्ही कुत्री जीव खाऊन धावत होती. "थांबवा," मी म्हणाले. गाडी थांबताच दोघांनी हौद्यात उड्या मारल्या आणि धापा टाकत आपल्या जागी बसली. मागोमाग बाई आली, तीही धापा टाकत.

बाबा खाली उतरले. त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. ह्यांना मी सांभाळीन. खरंच सांभाळीन."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "तू सांग, बाळ. सांभाळतील?"

एक 'हो' म्हणायचं होतं. बाबा माझ्याकडे बघत होते. इतक्या आशेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली.

बाईने कुणाच्या तरी अंगणातली दोरी मागून आणली आणि कुत्र्यांना बांधून नेलं. ह्या वेळी ती सहज उतरली नाहीत.

गाडी खरोखर भरवशाची निघाली. कितीतरी हंगाम तिने चिखलातून इंजिन ओढलं, त्यावर आमचं घर चाललं. माझं लग्नही त्यावरच झालं. पाहुण्यांपुढे बाबा तिची तारीफ करू लागले की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. घरी आईने कुत्र्यांविषयी काही ऐकलंच नाही.

बाबा शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले तेव्हा मी माहेरी आले होते. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, आणि मध्येच ते म्हणाले, "ती कुत्री मी ठेवली असती गं."

"हो," मी वाटीकडे बघत म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. पेज तशीच राहिली.