चौथा भाग, वर दीड

चहाची पहिली फेरी आटोपली होती आणि दुसरीचं आधण गॅसवर होतं. मुलगा डबा घेऊन कामावर गेला होता. काका खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून बसले होते आणि कालचीच बातमी आज पुन्हा छापली म्हणून छापणाऱ्यांचा उद्धार करत होते. सून ओट्याशी कपबशा विसळत होती. मावशीने शिलाई मशीनवरचं कापड काढून घडी घातली आणि बारीक ब्रशने दात्यांतला धाग्याचा भुसा झाडायला घेतला. या घरात दिवस उजाडतो तो सूर्याने नाही, या ब्रशाने.

गल्लीत तिला सगळे इंचमावशी म्हणायचे. तिने ते नाव कमावलंच होतं. दूध कमी आलं, तर ती भांड्यात डोकावून "आज इंचभर खाली आहे," म्हणायची. शेजारचा मुलगा सुट्टीनंतर दिसला, तर "पोरगा दोन इंच वर सरकला की गं!" नळावरच्या भांडणात समोरची बाई मागे हटली, तर घरी येऊन "चांगली बारा इंच हलवली तिला" असा अहवाल. काकांचं म्हणणं असं की, आमचं लग्न ठरताना हिने माझं वय विचारलंच नाही, फक्त खांद्याची रुंदी विचारली.

"खांदे बघूनच फसले ना," मावशी म्हणायची.

दार वाजलं.

सुनेने हात पुसत दार उघडलं. बाहेर मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या इस्पितळातल्या सगळ्या नर्सेसच्या या प्रमुख. रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या, डोळे तारवटलेले. हातात कापडी पिशवी. ती पिशवी मावशीने ओळखली. परवाच तिने त्यात नर्सेसच्या नव्या युनिफॉर्मचे नमुन्याचे टॉप घडी घालून दिले होते.

"या ना सिस्टर, चहा होतोच आहे."

"चहा घेते, पण आधी हे बघा, मावशी." त्यांनी एक टॉप काढून टेबलावर पसरला. काखेखाली शिवण फाटून धागे लोंबत होते. "घातला तेव्हा वाटलं, जरा घट्ट आहे, होईल सैल. पेशंटला उठवून बसवायला हात घातला आणि टर्रकन आवाज. पेशंट बिचारा मला सॉरी म्हणाला."

काकांना हसू फुटलं. मावशीने एकदा बघितल्यावर त्यांनी ते वर्तमानपत्राआड नेलं.

"तिघींनी घालून पाहिले," सिस्टर म्हणाल्या. "तिघींची एकच तक्रार. श्वास घेता येत नाही. आता स्पष्टच सांगते. नवा वॉर्ड सुरू होतोय, सगळ्यांचे युनिफॉर्म एकदम शिवायचे आहेत. मी वरती तुमचं नाव सांगितलंय. पण तिथे तयार कपड्यांच्या कारखान्याचा माणूसही येऊन गेलाय. आज संध्याकाळी मला एक धड टॉप दाखवता आला, तर मी तुमच्यासाठी भांडेन. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

चहा पिऊन त्या गेल्या. टॉप टेबलावर तसाच पडून राहिला.

मग मावशी बोलली, आणि बोलायला नको होतं ते बोलली. "तरी मी म्हणत होते. हे सेंटिमीटर आपल्या घरचे नाहीत."

सुनेचे कान लाल झाले. कारण सेंटिमीटर तिनेच घरात आणले होते.

झालं होतं असं. इस्पितळाने मापांचा छापील तक्ता दिला होता, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये. मावशीची रीत अशी की, असा तक्ता आला की आधी प्रत्येक आकडा अडीचने भागायचा, इंच काढायचे, आणि मग कागदावर फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, आखायचा. सुनेने शिवणाचा वर्ग केलेला. ती म्हणाली, "आई, दोनदा हिशेब कशाला? अडीचने भागलं की दर वेळी सूत-दोन सूत इकडेतिकडे होतं. थेट सेंटिमीटरमध्येच बेता ना." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, आणि मावशीच्या राज्यात एक सूत म्हणजे काही लहानसहान गुन्हा नव्हे. तिला ते पटलं. शिवाय सुनेसमोर जुनाट दिसायचं नव्हतं, हेही होतंच. तिने टेप उलटा फिरवला, वर्षानुवर्षं जी बाजू फक्त टेबलाला टेकत आली होती ती वर घेतली, आणि टॉप बेतले. शिवले मात्र सुनेने. घालून पाहिले तेही तिनेच, आणि ते तिला छान बसले. पण सून म्हणजे काडी. तिला उशीचा अभ्रासुद्धा अंगावर छान बसला असता.

"सेंटिमीटर काय करणार, आई," सून हळू आवाजात म्हणाली. "माझीच शिवण आत गेली असेल. आधीच्या कारखान्यात याच्यावरूनच मला काढलं होतं. सुपरवायझर म्हणायचा, तुझी सुई मनाला येईल तिथे चालते."

मावशीला हे माहीत नव्हतं. सून या घरात येऊन बरेच दिवस झाले होते, पण कारखाना का सोडला, हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मावशीने विचारलं नव्हतं. तिने टेप ओढला, टॉप उलटा केला आणि बाजूच्या शिवणीच्या आत दडलेलं जास्तीचं कापड, ज्याला शिंपी लोक माया म्हणतात, ते मापलं. वरती मापलं, मधे मापलं, खाली मापलं. दुसऱ्या बाजूचंही मापलं.

"अर्धा इंच," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत अर्धा इंच. सूतभर हललेली नाही. कोण होता गं तो सुपरवायझर? त्याला स्वतःच्या बुटाची नाडी तरी सरळ बांधता येत होती का?"

सुनेने मान खाली घातली, पण ओठांचा कोपरा जरासा वर गेलेला काकांनी पाहिला.

शिवण निर्दोष सुटली, म्हणजे आता आरोपी एकच उरला. मावशी स्टुलावर बसली. तिला मनातून जी भीती वाटत होती, ती इस्पितळाच्या कामाची नव्हती. तिला वाटत होतं, आपला हात गेला. शिवणारे हात पुष्कळ मिळतात. बेतणारा हात एकदा चुकायला लागला, की त्याच्यासमोर कुणी कापड ठेवत नाही. मग माणसाने काजं करावीत, बटणं लावावीत आणि लोक विचारतील तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सांगावं.

बेतायला तिला आत्याने शिकवलं होतं. दोन पेट्यांवर एक जुनं दार आडवं टाकलेलं, तेच आत्याचं टेबल. आत्या आकडे लिहू देत नसे. "कागदावर लिहिलंस की डोकं रिकामं," म्हणायची. हिशेब तोंडात. छातीचा चौथा भाग, वर दीड. गळ्याला बारावा भाग, वर काही नाही. छत्तीस छातीचे चौथ्या भागाला नऊ, बाराव्या भागाला तीन. इंच असे शहाण्या पोरांसारखे भागले जायचे. परकरातली पोर ते चालीवर म्हणत कात्री चालवायला शिकली. पुढे लग्न झालं, मूल झालं, काकांची बसची नोकरी संपली, चष्म्याचा नंबर वाढत गेला, आणि ओठांवरची ती पुटपुट काही थांबली नाही.

"कापड आटलं असेल," काका म्हणाले. "सांगून टाक, कापड आटलं. कापडाला काही तोंड नसतं."

"धुवायच्या आधीच आटलं? गप्प बसा हो."

तिने फर्मा काढला, तक्ता शेजारी ठेवला आणि एकेक माप ताडून पाहिलं. लांबी बरोबर. बाहीची लांबी बरोबर. खांदा बरोबर. गळा तर अगदी नेमका, आणि गळ्यासाठीच तिने सगळ्यात जास्त डोकं फोडलं होतं. तक्त्यात छाती ब्याण्णव. ब्याण्णवचा बारावा भाग काढायला गेली तर सात आणि पुढे सहा, सहा, सहा असं शेपूट निघालं. कुठे कापायचं हे शेपूट, यावर सासू-सुनेची अर्धी दुपार गेली होती. तेवढा गळा जुळला होता. फक्त घेर कुणीतरी चोरला होता.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही बेतताना पुटपुटता ना, ते आता मोठ्याने म्हणा. आणि तसंच आखून दाखवा."

"तेवढंच उरलंय! आता सासू गाऊन दाखवते."

"म्हणा तर."

मावशीने नवा कागद पसरला, पेन्सिल घेतली, टेप धरला. "छाती ब्याण्णव. चौथा भाग तेवीस." तेविसावर खूण केली. "वर दीड." टेप दीड घरं पुढे सरकला, खूण झाली. "गळ्याला बारावा—"

"थांबा. दीड काय?"

"दीड काय म्हणजे? दीड म्हणजे दीड. एक आणि अर्धा. तुमच्या वर्गात बदललाय का?"

"दीड काय, आई? इंच की सेंटिमीटर?"

मावशीची पेन्सिल हवेतच राहिली. तिने कागदाकडे पाहिलं, टेपकडे पाहिलं. तेवीस तक्त्यातून आलेले होते, ते सेंटिमीटर. दीड आत्याकडून आलेला होता. श्वासाला जागा आणि शिवणीला माया, दोन्ही मिळून आत्याने ठरवून दिलेला दीड, आणि आत्याच्या सबंध जन्मात सेंटिमीटर तिच्या टेबलाशी फिरकला नव्हता.

तिने टेप उलटा केला. दीड इंचाच्या खुणेवर नख ठेवलं आणि पुन्हा सुलटा करून पाहिलं. नख होतं चाराच्या जरा अलीकडे. म्हणजे दर तुकड्यात सव्वादोन सेंटिमीटरांहून जास्त खोट. पुढचे दोन, मागचे दोन.

"चार वेळा!" मावशी ओरडली. "अगं, साडेतीन इंच खाल्ले मी! चांगले साडेतीन इंच! त्या बाईला फडक्यात आंबा बांधावा तशी बांधली मी!"

आता काकांना वर्तमानपत्राचा उपयोग होईना. ते मोठमोठ्याने हसत सुटले. सून आधी घाबरली, मग तिलाही आवरेना. मावशी दोघांवर रागावली, कपाळावर हात मारला, "दात काढा, काढा," म्हणाली आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या हसण्यातलं निम्मं पाणी सुटकेचं होतं. हात गेला नव्हता. हाताने जे ऐकलं तेच केलं होतं.

"आता वर किती घ्यायचे, ते सांग," डोळे पुसत तिने सुनेला विचारलं.

"तीन पॉइंट आठ. सोपं म्हणून चार धरा."

"चार कसे धरायचे? दर ठिकाणी दोन मिलिमीटर जास्त, चार ठिकाणी आठ. तुझं सोपं होईल आणि तिच्या काखेत पोतं लोंबेल."

"मग तीन पॉइंट आठ म्हणा."

मावशीने म्हणून पाहिलं. जिभेवर ते काही बसेना. पॉइंटपाशी पाय अडखळायचा. तिने टेपवर पुन्हा डोळे रोखले. "चौथा भाग, वर... पावणेचार." पुन्हा म्हटलं. "चौथा भाग, वर पावणेचार. हं. हे चालतंय. केसभर कमी आहे, ते मी कात्री खुणेच्या बाहेरून चालवून भरून काढीन."

"केसभर म्हणजे किती?" सुनेने विचारलं.

"तोंड वर करून विचारतेस! शिकलीस चांगली."

दुपारभर घरात दोघींचेच आवाज होते. मावशी म्हणायची आणि आखायची. सून शेजारी उभी राहून प्रत्येक आकड्याला अडवायची. पहिल्या दोन-चार वेळा मावशीच्या कपाळावर आठी आली, नंतर आठी यायची थांबली आणि ती आपणहून "अर्धा सेंटिमीटर", "दोन सेंटिमीटर" असं आडनावासकट म्हणायला लागली. काकांनी न सांगता चहा केला. साखर विसरले, पण त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत टॉप तयार होता.

संध्याकाळी दोघी इस्पितळात गेल्या आणि सिस्टरांनी आपल्या खोलीत पडद्याआड जाऊन तो घातला. बाहेर आल्या, हात वर केले, वाकल्या, कपाटाच्या वरच्या फळीवरचा खोका काढला आणि पुन्हा ठेवला.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. "मग तो घोळ कसला होता? कापड आटलं का?"

काकांनी शिकवलेलं उत्तर आयतंच समोर आलं होतं. सून सासूकडे बघत होती.

"कापड नाही आटलं," मावशी म्हणाली. "चूक माझी. आकडे तुमचे सेंटिमीटरमधले घेतले आणि त्यांच्यावर दीड घातला तो माझ्या सवयीचा, इंचातला. मापला मात्र सेंटिमीटरनेच. हिने पकडलं." तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "नाहीतर मी अजून कापडाला शिव्या देत बसले असते."

सिस्टर हसतील असं तिला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "आमच्याकडे नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतो," त्या म्हणाल्या. "नुसतं 'पाच दिलं' म्हणायचं नाही. पाच काय? थेंब, चमचे की मिली? तुमची शिवणच उसवली, मावशी. आमच्याकडे माणूस जातो." मग टॉपची बाही सारखी करत म्हणाल्या, "मी वरती सांगते, काम तुमच्याचकडे राहील. उद्यापासून सगळे कापायला घ्या. आणखी काही हवं असेल तर आत्ताच बोला."

सुनेला वाटलं, आई आता मुदत वाढवून मागतील. मावशीने थोडा विचार केला.

"एकच मागते," ती म्हणाली. "आरशासमोर सगळंच छान बसतं. तुम्ही हा टॉप घालून आधी एक पूर्ण पाळी काम करा. जिथे ओढेल तिथे पेनाने खूण करा, आणि मग मला परत द्या. बाकीचे मी त्यानंतर कापीन."