म्हणावं, नेट बंद हाय

माझे थोरले दीर, म्हणजे आमच्याकडे ज्यांना भाया म्हणतात ते, चौदा वर्षांत माझ्याशी एकदाही सरळ बोलले नव्हते. भांडण नव्हतं, रीत होती. भायानं धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही, तिनं पदर घेतल्याशिवाय त्यांच्यासमोर यायचं नाही, आणि काही सांगायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस उभं करायचं. आमच्या घरात ते तिसरं माणूस म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. भाया बैठकीत बसून भिंतीकडे बघत म्हणायचे, "म्हणावं, चहात साखर कमी हाय." मी दोन हातांवर दारात उभी. मला स्वच्छ ऐकू यायचं. तरी आक्का वळून मला सांगायची, "साखर कमी हाय म्हनं." मी म्हणायचे, "म्हणावं, आणते." तेही त्यांना ऐकू जायचं, तरी आक्का पुन्हा त्यांच्याकडे वळायची.

बीडला एम.एस्सी. गणित करून मी लग्नानं दिंद्रुडला आले, तेव्हा या 'म्हणावं'चं मला हसू यायचं. पहिलं वर्षभर आलं, नंतर आलं नाही.

घरात नेट आलं ते भायांच्या नावावर. पांढरा राऊटर त्यांच्या बैठकीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर बसला. आम्ही वरच्या मजल्यावर. मध्ये स्लॅब, कपाट आणि भायांचा स्वभाव. वर रेंजची एक काडी यायची, तीही जिन्याच्या तोंडाशी उभं राहिलं तर. भाया संध्याकाळी दुकानातून येऊन फोनवर कुस्त्या बघायचे आणि साडेसहाच्या सुमाराला दिवाबत्तीला उठताना कपाटाशेजारचं बटण बंद करायचे. का, तर "यंत्राला बी इसावा पायजे." मोटारीला देतात तसा त्यांनी राऊटरला विसावा दिला होता.

मला या सगळ्याचं काही वाटलं नसतं. पण बीडच्या एका कोचिंग क्लासनं दहावीच्या गणिताची ऑनलाइन बॅच काढली आणि ती मला मिळाली. संध्याकाळी सहा ते सात. चाळीस पोरं. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी मला मॅडम म्हणत होतं. फोनच्या डेटावर तासभराचा क्लास टिकत नव्हता, म्हणून जिन्याच्या वरच्या पायरीवर स्टूल आणि त्यावर लॅपटॉप ठेवून मी तिथूनच शिकवायचे. साडेसहाला प्रमेयाची सिद्धता निम्म्यावर आली की खाली बटण 'खट' वाजायचं आणि माझी चाळीसच्या चाळीस पोरं गोठून जायची. एकाचं तोंड उघडं, एकीचा हात वर.

पंधरा दिवसांनी क्लासच्या सरांचा फोन आला. "मॅडम, शिकवता चांगलं. पण पालक बोलायलेत. अजून एक महिना बघतो. नेटचं काही झालं न्हाई तर बॅच दुसऱ्याकडं द्यावी लागंल."

नवऱ्याला सांगितलं. तो भायांसोबत खत-बियाणांच्या दुकानात बसतो आणि भायांसमोर त्याचा आवाज माझ्या पदरापेक्षाही खाली असतो. "दादाला कोण बोलणार?" म्हणाला आणि जेवायला बसला. मग मीच पदर घेऊन दारात उभी राहिले आणि आक्काला म्हटलं, "म्हणावं, सहा ते सात बटण चालू ठेवलं तर बरं होईल. माझी बॅच जाईल."

भाया भिंतीला म्हणाले, "म्हणावं, शिकवायचं तर शाळेत जाऊन शिकवावं. घरात बसून भिताडाशी कोण बोलतंय?"

आक्का माझ्याकडे वळली. पण तिनं ते मला सांगितलं नाही, नुसती बघत राहिली. तिची दया आली की राग आला ते मला आज सांगता येणार नाही, पण भायांचा आला तो मात्र तळपायापासून आला. चौदा वर्षं जो माणूस भिंतीशी बोलतोय तो मला म्हणतो, भिताडाशी कोण बोलतंय! त्याच दिवशी मी ठरवलं की बॅच तर वाचवायचीच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. या माणसाला जिना चढून वर यायला लावायचं आणि तोंडानं माझ्याशी बोलायला लावायचं.

मेश वायफाय असं काही असतं हे मला सरांनीच सांगितलं होतं. दोन डबे असतात. एक जुन्या राऊटरला वायरीनं जोडायचा, दुसरा लांब ठेवायचा. ते एकमेकांना नेट पोचवतात आणि घरात सगळीकडे एकाच नावाचं नेट मिळतं. मी डबे मागवले आणि हिंदीतले व्हिडिओ बघून बघून वही भरली. त्यातला एक माणूस दर वेळी एक गोष्ट बजावायचा. जुन्या राऊटरनं आणि नव्या डब्यानं दोघांनी कारभार करायचा नाही. कारभार जुन्याकडे राहू द्या, नव्याला नुसता पूल करा. पूल फक्त इकडचं तिकडे पोचवतो, स्वतःचं काही चालवत नाही.

पूल म्हणजे काय ते मी चौदा वर्षं रोज बघत होते. आणि त्या व्हिडिओतच पुढे होतं की नव्याला पूल केलं की कुणाच्या फोनचं नेट थांबवायची सोय जाते. मी वहीत 'पूल' खोडलं आणि 'कारभार' लिहिलं.

एकादशीला भाया नारायणगडावर दर्शनाला गेले. नवरा दुकानात. मी आक्काला सांगून बैठकीत गेले, तेही पदर न घेता. भायांच्या खुर्चीवर चढून राऊटर खाली काढला, नव्या डब्याची वायर त्याच्या भोकात घातली. दिवा लागेना. दुसऱ्या भोकात घातली, लागेना. तिसऱ्यात नाही, चौथ्यात नाही. मी डब्याला, कंपनीला आणि व्हिडिओतल्या माणसाला शिव्या घातल्या. मग मोबाईलचा उजेड पाडून बघितलं तर चारही भोकं आतून लाल-पिवळी.

"आक्का, हे काय हाय?"

आक्का दारात उभी होती. पदराचं टोक तोंडाला लावून म्हणाली, "मीच लावलतं गं. खंडेनवमीला. तराजूला लावलं, फवारणीच्या पंपाला लावलं, म्हनलं हे बी यंत्रच हाय. चारी दारांना लावलं, उंबऱ्याला लावतो तसं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला खुर्चीवरून उतरावं लागलं. मग राऊटरची वायर काढून मी कानातल्या कापसाच्या काडीनं एकेक भोक कोरत बसले आणि आक्का शेजारी बसून मोबाईलचा उजेड धरत राहिली. मांडीवर हळदीकुंकवाची भुकटी पडत होती. वायर पुन्हा घातली आणि दिवा लागला. आक्कानं त्याला हात जोडले. चौदा वर्षांत आम्ही दोघींनी मिळून केलेलं, आणि कुणाचा निरोप नसलेलं, ते एकच काम.

पुढचं काम मी एकटीनं केलं. जुन्या राऊटरचं स्वतःचं वायफाय बंद केलं. नव्या डब्याला तेच जुनं नाव आणि तोच जुना पासवर्ड दिला, म्हणजे खालचे फोन आपोआप माझ्या डब्याला चिकटतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. एक डबा कपाटाला लागून असलेल्या फ्रीजवर, आक्कानं विणलेल्या रुमालाआड. दुसरा वर, माझ्या टेबलाशी. आणि राऊटरची पिन भायांच्या बटणाच्या बोर्डावरून काढून फ्रीजच्या बोर्डावर लावली. आमच्या घरात फ्रीजचं बटण कुणी बंद करत नाही, दही आंबतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा खोलीत, टेबलाशी बसून शिकवलं. साडेसहाला खाली 'खट' वाजलं. माझी पोरं हलत होती, बोलत होती. रोज भाया दिवाबत्तीला उठताना मोठ्या रुबाबात ते रिकामं बटण बंद करत आणि रोज मी वर फळ्यावर लिहिता लिहिता गालात हसत असे.

तेवढ्यानं भागलं असतं तर मी भली बाई ठरले असते. पण माझ्या फोनवर आता घरातल्या सगळ्या फोनांची यादी दिसत होती आणि प्रत्येकाला नाव द्यायची सोय होती. भायांच्या फोनला मी नाव दिलं 'भिताड'. आणि भिताडाचं नेट रोज सहा ते सात आपोआप थांबेल असं लावून टाकलं.

पहिल्या दिवशी ते फोन झटकत राहिले. दुसऱ्या दिवशी कपाटापुढे उभं राहून राऊटरवर फुंकर मारली. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाला फोनवर झापलं, "मंग काय फुकट बसवलाय का बे डबा?" तो बिचारा म्हणत असणार की इकडून सगळं चालू आहे. चौथ्या दिवशी जेवताना भिंतीला विचारलं, "म्हणावं, वर नेट हाय का?"

"म्हणावं, हाय."

"म्हणावं, कावून हाय? खाली न्हाई आन् वर कावून?"

"म्हणावं, कुणास ठाऊक. यंत्राला इसावा पायजे असंल."

आक्का हे सगळं इकडून तिकडे पोचवत होती. त्या वाक्याला ती थोडी अडखळली, पण पोचवलं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी जेवढी सुखात झोपले तेवढी लग्नानंतर कधी झोपले नव्हते.

महिना संपत आला. सरांनी सांगितलं, गुरुवारी मी स्वतः क्लासला बसतो आणि बॅचचं ठरवतो. त्याच गुरुवारी सकाळी आक्का भाकरी थापताना म्हणाली, "आज बाळाचं बारसं हाय." तिच्या लेकीचं दुसरं बाळंतपण सासरी, पुण्याकडे झालं होतं. आक्काच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपत नव्हता, म्हणून जाणं राहिलं. "संध्याकाळी फोनवर दाखवनार हायत. नाव ठेवताना मला बी कानात सांगायला लावनार म्हनली, फोनमधून." हसून पुन्हा म्हणाली, "फोनमधून, बघ की."

मी ऐकलं. 'संध्याकाळी' हा शब्दही ऐकला. भाकरीला पाणी लावत 'छान' म्हटलं.

आक्काकडे साधा बटणाचा फोन. व्हिडिओ दिसतो तो भायांच्या फोनवर. आणि घरात नेट आल्यापासून भायांनी फोनला डेटा मारणं बंद केलं होतं.

सहाला मी शिकवायला बसले. सर पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसत होते. वर्तुळाचं प्रमेय मी त्या दिवशी इतकं नेटकं शिकवत होते की माझं मलाच कौतुक वाटत होतं. सहा चाळीसला जिन्यावर पावलं वाजली. भाया आमच्या मजल्यावर कधी आले नव्हते. दारात येऊन उभे राहिले, धापा टाकत, हातात फोन. मी पदर घेतला नाही. ते भिंतीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"पोरीच्या लेकराचं बारसं चालू हाय," भाया मला म्हणाले. "फोन लागंना. तुमचं नेट चालू हाय, जरा बघता का?"

सरळ. मध्ये कुणी नाही. चौदा वर्षांनी. आणि 'तुमचं' म्हणाले.

माझा फोन टेबलावर होता. भिताडासमोरचं बटण दाबायला एक बोट लागतं. माइक बंद करायला दुसरं. सर बघत होते, चाळीस पोरं बघत होती, हे खरं आहे, पण पोरांना 'एक मिनिट हं' मी एरवीही दहादा म्हणते. मी माइक बंद केला, भायांकडे पाठ फिरवली आणि भिंतीला म्हणाले, "म्हणावं, क्लास चालू हाय. मी भिताडाशी बोलतेय."

हे वाक्य मी महिनाभर घासूनपुसून ठेवलं होतं. ते बरोब्बर लागलं. सवयीनं भायांनी मागे वळून बघितलं, तसं मीही बघितलं. जिन्याच्या मधल्या पायरीवर आक्का उभी होती. दोन वर्षांत ती जिना चढली नव्हती. एका हातानं कठडा धरलेला, अंगावर ठेवणीतली पैठणी. फोनवर दिसायचं म्हणून नेसली होती. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत होतो, नेहमीसारखं. ती कुणाकडेच वळली नाही. एकेक पायरी बसत बसत उतरून गेली.

मी माइक चालू केला आणि प्रमेय पूर्ण केलं. सात वाजता भिताडाचं नेट आपोआप सुरू झालं. तोवर पाळणा झाला होता, नाव ठेवून झालं होतं.

सरांनी सव्वासातला फोन केला. बॅच माझी. वर्षभरासाठी.

बाळाचं नाव मला आक्कानं सांगितलं नाही. नवऱ्यानं सांगितलं, दुसऱ्या दिवशी, दुकानातून आल्यावर.

भिताड नावाचा फोन मी त्याच आठवड्यात मोकळा केला. घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात आता नेट आहे, आक्काच्या देवघरातही पूर्ण काड्या येतात. भाया माझ्याशी सरळ बोलतात. नेट हळू चालायलंय का, पासवर्ड काय, अमुक कुस्ती कुठं दिसते, सगळं थेट विचारतात. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तेव्हा नवरा ओट्याशेजारी पाटावर बसला होता. आक्का चहा गाळत होती. मी दारात, तिच्यापासून दोन हातांवर. तिनं कप भरला, ओट्यावर ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "म्हणावं, चहा झालाय."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला, मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला. आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "चहा झालाय म्हनं."