गुलशन टॉकीजचा उतार

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. महाडच्या बाजारपेठेतल्या जुन्या गुलशन टॉकीजमध्ये श्रीपत कासारे पूर्वी पडदा होता तिथली मोरी बांबूने मोकळी करत होते. मे महिना संपत आला होता आणि पावसाआधी हे काम ते दरवर्षी करतात.

टॉकीज २०१२ साली बंद झालं. खुर्च्या भंगारात गेल्या, आता तिथे तांदळाचं गोदाम आहे. सदुसष्ट वर्षांचे कासारे त्याचे राखणदार. त्याआधी एकतीस वर्षं ते याच इमारतीत होते. दासगावहून आले तेव्हा मालक इनायतशेठनी त्यांना दारावर तिकिटं फाडायला ठेवलं आणि वर्षभरात स्वतः शेजारी उभं राहून सिनेमा दाखवायचं मशीन शिकवलं. "माझी पोरगी शर्मिला मास्तरीण झाली ती या भिंतींमुळं," कासारे म्हणतात.

दुपारच्या खेळाला पोलादपूर, शिवथरकडची माणसं येत. त्यांची सहाची एसटी चुकू नये म्हणून कासारे शेवटच्या रिळातलं गाणं गाळत. "पोलादपूरवाल्यांनी शेवटचं गाणं कधी बघितलंच नाय. पण गाडी कुणाची चुकली नाय."

सात वाजता इनायतशेठचा मुलगा हाशिम आला. वडील गेल्यावर कुवेतची नोकरी सोडून त्याने गोदाम हाती घेतलं, त्याला दोन वर्षं झाली.

"काका, सोमवारी राजेश कॉन्ट्रॅक्टर येतोय. पडद्याकडच्या या उतारावर पोत्यांची थप्पी टिकत नाही. जमीन सपाट करून आठ गाळे काढू." मग जरा चाचरत म्हणाला, "गाळेवाले आपापली कुलपं लावतील. तुम्ही घरी आराम करा."

"घरी सुंदराबाई दोन दिवसांत हाकलंल मला," कासारे म्हणाले. थट्टेत बायकोचं नाव घेऊनही ते हसले नाहीत. "जरा इथं उभा रहा, बाबा."

त्यांनी बादलीत माती कालवली आणि मागच्या दाराशी, उताराच्या वरच्या टोकाला ओतली. वरून पाइपने पाणी सोडलं. चिखल उताराने सरकत गेला आणि मोरीतून बाहेर पडला. अर्ध्या मिनिटात फरशी दिसू लागली.

"एकवीसच्या पुरात इथं छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर बाजारातली दुकानं आठ दिवस घमेल्यांनी चिखल उपसत होती. आपलं एका दिवसात धुऊन निघालं. जमीन सपाट केलीस की चिखल इथंच बसंल. वाळला की फावडं पण चालत नाय."

"अब्बा हे मला कधी बोलले नाहीत."

"तू कधी होतास पुराला? विमानातनं चिखल दिसत नाय."

हाशिम हसला. मग ओल्या फरशीवरून मोरीपर्यंत चालत गेला, वाकून पाहिलं आणि तिथूनच फोन लावला. "राजेशभाई, काँक्रीट नको. उद्या सुतार पाठवा. पोत्यांखाली लाकडी मांडणी करू, पुढचे पाय उंच, मागचे बुटके. गाळे? नाही, गाळे आता नकोत."

फोन ठेवून तो कासाऱ्यांकडे वळला. "बरं झालं काका, तुम्ही होतात. किल्ली तुमच्याकडेच राहू दे."

कासाऱ्यांनी मान डोलावली आणि बादली धुवायला घेतली.

सुतार उद्या सकाळी सात वाजता मापं घ्यायला येणार आहे. दार कासारे उघडतील.