एकोणतीस इंचांचा ओटा

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कोणाला दाखवायची नाही. पण चुकून कोणाच्या हाती लागलीच तर हसू नका.

मी व्हीलचेअरवर बसून भाकरी थापत होते. माझे पाय चांगले आहेत. तरी बसले होते, कारण तेच माझं काम आहे. विटांवर प्लायवूडची फळी ठेवली होती, तिच्यावर परात. मॅडम टेप घेऊन शेजारी उभ्या होत्या.

"आता?"

"खांदे वर चढतायत, मॅडम."

मिस्त्रीने फळीखालून एक फरशीचा तुकडा काढला.

"आता?"

"आता बरं. हाताला जोर मिळतो."

"एकोणतीस," मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

आमच्या मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. लोक त्यांना व्यायामवाली डॉक्टर समजतात. तसं नाही. आजारातून, अपघातातून उठलेल्या माणसाला अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक ही रोजची कामं परत करता यावीत म्हणून त्या शिकवतात. आधी हॉस्पिटलमध्ये होत्या. तिथे पेशंट सगळं शिकायचा आणि घरी गेला की खुर्ची बाथरूमच्या दारात अडकायची. दार चोवीस इंच, खुर्ची सव्वीस. शिकवलेलं वाया. शेवटी मॅडमनी हॉस्पिटल सोडलं आणि आर्किटेक्ट लोकांबरोबर घरांचे, शाळांचे प्लॅन तपासायला लागल्या. त्यांच्या सासरचे अजून म्हणतात, शिकलीसवरलेली बाई गवंड्यांमध्ये फिरते.

मी नाशिकला त्यांच्या क्लिनिकमध्ये फरशी पुसायला होते. एकदा एका स्वयंपाकघराचं काम आलं आणि मॅडमना भाकरी येत नव्हती. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. तेव्हापासून साइटवर जाते. त्यांनी एकच अट घातली होती. "शोभाताई, जे खटकेल ते तिथल्या तिथे बोलायचं. मागाहून नाही." मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी हो म्हणाले.

मी फळीवर भाकरी थापत होते ते घर सायखेड्याचं. सून कल्पना, तिशीच्या आतली. गच्चीवर डाळ वाळत घालताना तोल गेला आणि खाली पडली. कमरेखालचं अंग गेलं. घरात सासू-सासरे, नवरा, बिनलग्नाचा दीर आणि पहिलीतली मुलगी. कामाचा खर्च कल्पनाचा भाऊ करत होता. तो लासलगावला कांद्याच्या खळ्यावर मुनीम आहे. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला बाहेर गाडीपाशी गाठलं.

"मॅडम, स्पष्ट सांगतो. हिला सैपाक जमला तर ही इथं राहील. नाय जमला तर वर्षाच्या आत माझ्या दारात. आन पोरीला हे सोडणार नाय."

स्वयंपाकघर आठ बाय दहा. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला पाच फूट मोकळे लागतात. ते सोडले की एकाच ओट्याची जागा उरते. जुना ओटा फोडला. नवा एकोणतीस इंचांवर बांधला, गुडघे आत जावेत म्हणून खालून मोकळा. सिलेंडर भिंतीबाहेर काढला. डबे बसल्या जागी हाताला येतील असे लावले. मॅडमनी कल्पनाकडून दीड महिना तयारी करून घेतली. तापलेला तवा कसा उतरवायचा, खुर्चीचे ब्रेक कधी लावायचे, मांडीवर भांडं का ठेवायचं नाही. मांडीला भाजलं तरी तिला कळणार नव्हतं.

मग ती पहिली भाकरी. टम्म फुगली. मुलीने टाळ्या वाजवल्या. नवरा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. भाऊ तोंड फिरवून डोळे पुसत होता. मॅडम इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या.

सासूबाई दारात होत्या. उंच बाई, दारातून वाकून येणारी. त्या ओट्यापाशी आल्या, कमरेत वाकून त्यावर हात फिरवला, पुसल्यासारखा. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आन मी कुठं उभी राहू गं?"

मॅडमना नाही, मला विचारलं. मी त्यांच्यासारखीच खेड्यातली दिसते म्हणून असेल.

"होईल सवय, मावशी," मी म्हणाले.

मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मी त्यांना सांगितलं नाही. एवढ्या आनंदात आपण कुठे तोंड घालायचं, असं वाटलं.

तो व्हिडिओ मॅडमनी आर्किटेक्ट लोकांच्या एका कार्यक्रमात दाखवला. खूप टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीवर होते.

चारेक महिन्यांनी भावाचा फोन आला. कल्पनाला प्रेशर सोअर झाला होता. एकाच जागी फार वेळ बसलं की हाडाखालची कातडी दबून मरते, जखम आत खोल जाते. बसणाऱ्याला ती दुखतही नाही. कल्पना दर अर्ध्या तासाने हातांवर अंग उचलायला शिकली होती. पण ती पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत ओट्यापाशी असायची. सहा माणसांच्या भाकऱ्या चालू असताना अंग कोण उचलतंय? सासूबाईंनी आठ दिवस त्या ओट्यावर वाकून रांधून पाहिलं होतं. मग त्यांची कंबर धरली आणि त्यांनी स्वयंपाकघरात पाय टाकायचं सोडलं.

भाऊ तिला लासलगावला घेऊन गेला. दोन महिने तिला पालथं झोपवलं होतं.

आम्ही सायखेड्याला गेलो तेव्हा ओटा परत उंच झाला होता. चौतीस इंच. खालची मोकळी जागा दारं लावून बंद केली होती, आत पीठ-तांदळाचे डबे.

"बसा मॅडम," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"मावशी, मला एकदा सांगायचं ना, की तुम्हाला जमत नाही."

"सांगितलं की. या बाईला इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं तिच्याशी काय वाकडं नाय," सासूबाई पुढे म्हणाल्या. "तिला उभं राहता येत नाय, मला वाकता येत नाय. तुम्ही एकच जागा ठिवली. आता ती तिकडं निजलेली, मग इथं रांधायचं कोणी? हे तिघं गडी चहासुदीक करत नाय."

दीर बाजेवर बसून मोबाइल बघत होता. तो हसला.

मॅडमनी लगेच तिथेच कागद काढला. "वरचा ओटा असाच राहू द्या. खाली ड्रॉवरसारखी सरकती फळी बसवते, एकोणतीसवर. कल्पना आली की ओढायची, नको तेव्हा आत ढकलायची. माझ्या खर्चाने. दोन दिवसांचं काम आहे."

नवरा म्हणाला, "राहू द्या, मॅडम. आता घर परत खोदायचं नाय."

"खोदावं लागणार नाही हो. नुसती फळी आहे."

"राहू द्या," तो पुन्हा म्हणाला.

येताना गाडीत मी मॅडमच्या शेजारी बसले होते. ओढा नाका आला तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या कधी म्हणाल्या होत्या?"

"पहिल्या भाकरीच्या दिवशी."

"आणि तुम्ही?"

"सगळे खूश होते, मॅडम."

मला वाटलं, आता कामावरून काढतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. माझं सगळं लक्ष खुर्चीवर. उभ्या माणसाला मोजलंच नाही मी." मग बाहेर बघत म्हणाल्या, "ती फळी तेव्हाच बसली असती."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कल्पनाची जखम भरली. तिला न्यायला कोणी आलं नाही. दोन्हीकडची चार माणसं बसली, दोनदा बोलणी झाली, कागद झाले, फारकत झाली. मुलगी सायखेड्यालाच राहिली. कल्पना सुट्टीत तिला पाठवा म्हणते, ते परीक्षा आहे म्हणतात. भावाने भांडीकुंडी, दागिने काही मागितलं नाही. स्वयंपाकघराला घातलेला खर्च तेवढा मागितला. सासरचे तो हप्त्यांनी द्यायला लगेच कबूल झाले.

आता मी साइटवर गेले की खुर्चीत बसण्याआधी त्या घरात ओट्याला कोण कोण हात लावतं ते विचारते आणि सगळ्यांची उंची लिहिते. बायका म्हणतात, मला कशाला मोजता, मी धडधाकट आहे. मी टेप लावते. बोलायला अजूनही जड जातं, पण टेप लावताना फार बोलावं लागत नाही.

परवा कल्पनाचा भाऊ क्लिनिकमध्ये आला होता. उभाच राहिला, पाणीही घेतलं नाही.

"मॅडम, तुम्हाला सांगून जावं म्हटलं. सैपाकघराच्या पैशाचा त्यांचा शेवटचा हप्ता आला. सगळे दिले त्यांनी. एक रुपया ठेवला नाय."