पदराआडचा बाम

धाकटी झाली तेव्हा जळगावात माझं परकर-पातळांचं दुकान नुकतंच उभं राहिलं होतं. त्याआधी मी असोद्याला गाठोडं घेऊन दारोदार फिरले होते. दुकान बंद ठेवणं जिवावर यायचं. दोन महिन्यांची पोर मांडीवर घेऊन मी गादीवर बसायचे. वाकून पाजून पाजून मान आणि खांदा धरला. मग बाम चांगला चोळायचा, आणि समोर गिऱ्हाईक म्हणून पोरीच्या डोक्यावरून पदर घट्ट ओढायचा.

दोन दिवसांत पोर अंगावर प्यायची थांबली. जवळ घेतलं की तोंड फिरवून किंचाळायची. दूध पिळून चमच्यानं पाजत होते.

गावाहून मोठी जाऊ आली. दुकानात चार बायका बसलेल्या, त्यांच्यादेखत म्हणाली, "दुकान दुकान करू करू दूध आटलं तुहं! आण आता पावडरचा डबा, अन् बस घरी."

"चमच्यात काय पाणी आहे का?" मी ओरडले. पण आतून घाबरले होते. पोर अशीच राहिली असती तर दुकान सोडावंच लागलं असतं.

पोरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, मग माझ्याकडे वाकल्या आणि मागे सरल्या. "बामानं माझेच डोळे चुरचुरले. पदराआड हिचं काय होत असेल? मानेला, खांद्याला, छातीला काही लावायचं नाही."

"थोडासा?"

"नाही."

"मग कंबरेला?"

"कंबरेला थोडा चालेल. पण हात साबणानं धुऊन मगच तिला घ्यायचं."

"आणि मेडिकलमधलं दुखण्याचं मलम?"

"आधी मला दाखवायचं. बाई, तुम्ही भाजी घेताय का?"

मी मानेवर गरम पाण्याचा शेक मागून घेतला, पाठीला तक्क्याही मंजूर करून घेतला, आणि उठले.

घरी मान-खांदा साबणानं धुतला, पोलकं-लुगडं बदललं. पोरीनं नाक लावून पाहिलं, थोडी कुरकुरली, आणि अशी प्यायला लागली की मला हसू आवरेना.

जाऊ आजही सांगते, डॉक्टरच्या औषधानं दूध आलं. औषध दिलंच नव्हतं. त्या चार बायकांना मात्र मी तेव्हाच एकेकीला गाठून खरं काय ते सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन दुकान उघडलं.