देवळालीत घडलेली आमची बत्ती

रत्नागिरीची एसटी नाशिकला सीबीएसवर लागली तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझे दात वाजत होते. शेजारच्या काकूंनी बजावलं होतं, "स्वेटर घे गं, तिकडे थंडी असते." मी म्हटलं, उगाच ओझं. आता स्टँडवरच्या पाठमोऱ्या बायकांच्या शाली बघून माझ्या हट्टाचा मला मनापासून राग आला. समोरच्या हॉटेलात गरम मिसळ मागवली. रस्सा इतका जाळ की डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, पण अंगात ऊब आली. वाढणारा माणूस हसून म्हणाला, "कोकणातल्या दिसता. दही देऊ का?" मी ठसक्यात नको म्हटलं आणि पुढच्याच घासाला मुकाट्याने दही मागितलं.

एवढ्या लांब मी का आले होते, ते आधी सांगते. माझे वडील, आप्पा, तीस वर्षं बत्तीवर (दीपगृहाला आमच्याकडे बत्तीच म्हणतात) नोकरीला होते. काचबिंदूने त्यांचा उजवा डोळा गेला आणि डावाही रोज थोडा थोडा जात होता. डॉक्टर म्हणाले, "जे काय बघायचंय ते लवकर बघून घ्या." आप्पांना दुसरं काही नको होतं, बत्ती बघायची होती. न्यावं तर ती खाडीपलीकडे; होडीतून उतरून वर चढण, आणि आप्पांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. घरात बत्तीचा एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला.

माझी मावसबहीण तेव्हा देवळाली कॅम्पात राहायची. तिने पत्रात लिहिलं, इथे उस्मानचाचा म्हणून कारागीर आहेत, निरनिराळ्या लाकडांचे पापुद्रे कापून, जुळवून भिंतीवरची चित्रं करतात, आणि त्यांच्या दुकानात लाइटहाऊसं आहेत! मग आप्पांनी वहीच्या पानावर आठवणीतून बत्ती काढून दिली. डावीकडे समुद्र, मध्ये मनोरा, उजवीकडे आमचं क्वार्टर. ते पान मी चाचांना पाठवलं. सहा महिन्यांनी कार्ड आलं, 'काम तयार आहे.' तोवर बहिणीच्या नवऱ्याची बदली झाली होती, म्हणून मी एकटीच निघाले.

कॅम्पातल्या बाजारामागे चाचांचं दुकान सापडलं. दुकान कसलं, पत्र्याची लांबट खोली. आत लाकडाचा आणि सरसाचा वास. साठी उलटलेले चाचा जाड चष्म्यातून बघत उठले. "या ताई, बसा. लय लांबून आल्या तुम्ही." त्यांच्या बायकोने, चाचींनी, चहा आणून हातात दिला, तेवढ्यात धडाड्‌धूम! मी कप सोडलाच. चाचा शांतपणे फडका शोधत म्हणाले, "तोफा हायेत, ताई. मिलिट्रीच्या, सरावाच्या. आम्हाला ऐकूच येत नाय आता." अर्धा चहा माझ्या साडीवर होता. चाचींनी न विचारता दुसरा कप भरला.

भिंतीवर तीन दीपगृहं होती. कुठल्याशा साहेबाने बदली होताना जुन्या दीपगृहांचं एक कॅलेंडर दिलं होतं, त्यावरून केलेली. रंगाचा एक थेंब नाही. पांढरं म्हणजे कुड्याचं लाकूड, तांबडे पट्टे खैराचे, काळे खडक शिसवीचे. आणि समुद्र सागवानाचा. त्या लाकडाच्या रेषा चाचांनी अशा काही लावल्या होत्या की लाट फुटायच्या आधी पाणी जसं फुगतं, अगदी तसं दिसत होतं. जन्म समुद्रापाशी गेला माझा, तरी मी त्या पाण्यावर बोट फिरवून पाहिलं.

"चाचा, तुम्ही समुद्र कधी पाहिलात?"

"नाय ओ. गंगापूरचं धरण पाहिलंय. तेवढंच."

मग त्यांनी आमचं चित्र आणून टेबलावर ठेवलं. वरून सगळा खाकी कागद चिकटवलेला. त्यांची एक पद्धत होती. कामाच्या तोंडावरचा, जुळवलेले तुकडे धरून ठेवणारा हा कागद ते गिऱ्हाईक आल्याशिवाय काढत नसत. त्याला ते 'मुंहदिखाई' म्हणत (नव्या नवरीचं तोंड पहिल्यांदा बघतात ती). "आधी मालकानं बघायचं, मग मी," म्हणाले. ओल्या फडक्याने कागद भिजवला आणि एक कोपरा माझ्या हातात दिला. मी सावकाश सोलत गेले. मनोरा आला, गॅलरी आली, आमच्या दारातली पायरीसुद्धा आली. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि मग पुरता कागद निघाला.

"अहो चाचा, हे उलटं झालंय! समुद्र उजवीकडे? आमचं घर पार पाण्याच्या जागी नेऊन ठेवलंत की!"

चाचांनी आप्पांचं पान शेजारी धरलं. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं आणि मटकन स्टुलावर बसले. त्यांच्या कामात लाकूड पाठीकडून कापतात, म्हणून चित्र आधी उलटं गिरवून घ्यावं लागतं. पण चाळीस वर्षं त्यांनी काय केलं होतं? साहेबलोकांच्या ट्रेवर फुलं, टेबलांवर मोरांच्या जोड्या. फूल डावीकडे झुकलं काय, उजवीकडे झुकलं काय, कोण विचारतो? गिरवून घ्यायची सवयच सुटलेली.

"म्हंजे," चाचा भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "हे तिघंबी उलटेच?"

मी इतकी चिडले होते, तरी मला हसू फुटलं. चाची तर तोंडाला पदर लावून आतच गेल्या. पण चाचा हसले नाहीत. म्हणाले, "दोन महिने द्या. सरळ करून देतो."

"दोन महिने? चाचा, त्यांचा डोळा थांबायचा नाही हो तोवर."

चाचा स्टुलावरून उठले. मग चित्र स्वच्छ पुसून जुन्या चादरीत बांधलं. "हे घेऊन जा. निदान मनोरा तरी बघतील. दुसरं मी करतोच. ते आलं की हे मला परत द्या. माझ्या हातची चूक कुणाच्या भिंतीवर नको मला." मी वाकून नमस्कार केला. ते ओशाळले.

परतीच्या एसटीत चित्र मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, वर ठेवा ना ते." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे निघून गेला. वाटभर एकच विचार. सांगावं की गप्प राहावं? एवढ्याशा नजरेला कळणार तरी आहे का? मी गप्प राहायचं ठरवलं.

आप्पांनी चित्र खिडकीत नेलं, नाक टेकेल इतकं जवळ धरलं. बोट मनोऱ्यावरून खाली आलं, थांबलं.

"समुद्र इकडे कसा गं?"

मला रडू आलं, पण खरं सांगते, आनंदाने. दिसत होतं त्यांना! मग मी सगळं सांगून टाकलं, तोफेसकट. आप्पा खो खो हसले आणि म्हणाले, "मला कपाटाच्या आरशापुढे ने. तीस वर्षं बत्तीच्या काचा आणि आरसे पुसलेत मी, एवढं कळतं मला."

आरशापुढे चित्र छातीशी धरून ते पुढे वाकले. समुद्र डावीकडे, घर उजवीकडे. वर त्यांचा स्वतःचा चेहरा आणि खांद्याशी मी.

"दुसरं नको," ते म्हणाले. "त्या माणसाला लिही. सरळ आलं असतं, तर बत्ती तेवढी दिसली असती. यात आपण दोघं आहोत." मी त्याच दिवशी उस्मानचाचांना कार्ड टाकलं.

होळीच्या सुमाराला डावा डोळाही गेला. तरी सवयीने रोज सकाळी आप्पा चित्र घेऊन आरशापुढे उभे राहतात. बोटांना काही लागत नाही, चाचांचं काम इतकं गुळगुळीत. मग मला हाक मारतात.

"बघ गं, समुद्र डावीकडेच आहे ना?"

मी त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहते.

"डावीकडेच आहे, आप्पा."